दूध नासलं आणि आर्तुझोव्ह आठवला

सकाळी दूध नासलं. टाकवेना, म्हणून फडक्यात बांधून पनीर केलं आणि ते निथळेपर्यंत रात्रीचं अर्धवट वाचन पुढे ओढलं. विषय आर्तुर आर्तुझोव्ह. गंमत म्हणजे हा माणूस चीज करणाऱ्याचा मुलगा! वडील स्वित्झर्लंडहून रशियात आलेले, मूळ आडनाव फ्राउची. जन्म १८९१, शिक्षण पेत्रोग्राडच्या पॉलिटेक्निकमध्ये धातुशास्त्राचं. आणि नोकरी? चेका, म्हणजे बोल्शेविकांचे गुप्त पोलीस.

त्याचं 'ट्रस्ट' प्रकरण वाचताना चहा गार झाला. बोल्शेविकांविरुद्ध राजेशाहीवाद्यांची एक गुप्त संघटना, पण चालवणारे सोव्हिएत गुप्तहेरच. १९२१ ते १९२७, सहा वर्षं हे नाटक चाललं. ब्रिटिश हेर सिडनी रायली याच गळाला लागला, १९२५ मध्ये फिनलंडची हद्द ओलांडून आत आला आणि गोळी खाऊन संपला. शुल्गिन नावाचा राजेशाहीवादी मात्र चोरून रशिया फिरून सुखरूप परतला. त्याने प्रवासवर्णन लिहिलं आणि हस्तलिखित तपासायला 'भूमिगत मित्रांकडे' धाडलं. म्हणजे थेट गुप्त पोलिसांकडे! मी एकटाच मोठ्याने हसलो.

पुढे १९३१ पासून सोव्हिएतांचं परदेशी हेरखातं आर्तुझोव्हकडे. त्याच काळात, १९३४ मध्ये, लंडनला किम फिल्बी हा ब्रिटिश तरुण सोव्हिएत हेर म्हणून गळाला लागला.

मग १९३७. हेरगिरीच्या खोट्या आरोपाखाली अटक, ऑगस्टमध्ये गोळी. निर्दोष ठरवलं १९५६ साली.

एवढ्यात पनीर दगडासारखं घट्ट झालं होतं. संध्याकाळी भुर्जी केली.