आई लोक बघतात तसं

मंगळवार, रात्री

लिफ्ट पुन्हा बंद. ते आता नेहमीचंच.

दोन जिने चढले की माझी एक युक्ती ठरलेली आहे. वळणावर थांबायचं, पर्समधून फोन काढायचा, कपाळाला आठी घालायची आणि कुणाचा तरी महत्त्वाचा निरोप आल्यासारखा स्क्रीनवर अंगठा फिरवत राहायचं. तेवढ्यात ओठांचा चंबू करून, फिजिओने शिकवलाय तसा, हळूहळू श्वास सोडून घ्यायचा. वरून खाली येणारे लोक बाजूने निघून जातात. त्यांना कामात बुडालेली बाई दिसते, धापा टाकणारी दिसत नाही. ऑक्सिमीटर आणखी काय दाखवेल ते दाखवो, चेहरा तरी ताब्यात असतो. मला वाटायचं, हे कुणालाच कळत नाही.

आज शाळेतून येताना चिऊ माझ्या पुढे होती, बाहुली कडेवर. वळणावर ती आपणहून थांबली. डावा हात भिंतीला. फ्रॉकच्या खिशातून रिकाम्या खोक्याचा एक चपटा तुकडा काढला, मान खाली घातली, त्यावर अंगठा फिरवला. ओठांचा चंबू. फू... फू... मग बाहुलीला "चल गं" म्हणाली आणि टणाटणा वर. तिला दम लागलेला नव्हताच, या वयात कसला लागतोय!

"काय बघत होतीस गं?"

"काही नाही. आई लोक बघतात तसं."

आई लोक! म्हणजे जगातल्या सगळ्या आया जिन्यात थांबून फू फू करतात, असा तिचा पक्का समज आहे. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. दुपारभर तेच डोक्यात.

लॅमचं, म्हणजे मुख्यतः बायकांना होणाऱ्या फुफ्फुसांच्या या दुर्मिळ आजाराचं, निदान झालं तेव्हा मी डॉक्टरांना पहिला प्रश्न माझ्याबद्दल विचारलाच नव्हता. हिला होईल का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, ट्युबरस स्क्लेरोसिस या आनुवंशिक आजारासोबत येणारा लॅम असतो त्यात ती शक्यता धरावी लागते, पण तुमचा स्पोरॅडिक आहे. जनुकातला बिघाड मागाहून, थोड्याच पेशींत झालेला, तो मुलांकडे जात नाही. बाकी सगळं, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनमधल्या त्या पातळ भिंतींच्या सिस्ट, हवेच्या पोकळ्या, फुफ्फुस पुन्हा फुटू शकतं ही टांगती तलवार, मी या एका वाक्याच्या जोरावर ऐकून घेतलं. जात नाही. संपलं.

आणि आज बघते तर गेलंय की! आजार नाही गेला, पण त्याची लकब गेली. भिंतीवरचा हात गेला, चंबू गेला. मुख्य म्हणजे लपवणं गेलं. मला त्यातलं काय जास्त लागलंय तेच नीट कळत नाही. माझी चोरी पकडली गेली हे, की तिला ती चोरी वाटलीच नाही हे? तिच्या लेखी आई म्हणजे मध्येच थांबणारं माणूस. दुसरी आई तिने पाहिलीय कुठे? ती सहा महिन्यांची होती तेव्हाच फुफ्फुस फुटून माझ्या छातीत नळी. आधी दमा म्हणून पंप ओढत होते ते वेगळंच. मग गोळी सुरू करायची म्हणून दूध तोडलं, त्या रात्री ती... असो.

दुसऱ्या मुलाचा विषय आज पुन्हा फोनवर निघाला होता. इस्ट्रोजेन, गरोदरपण, त्याने हा आजार बळावू शकतो, सगळं किती वेळा समजावून सांगायचं. मी "बघू" म्हटलं.

गोळीचंही असंच. सिरोलिमस रोज ठरल्या वेळी, मध्ये मध्ये रक्तातली पातळी तपासायची, आणि तोंड आलेलं असतं ते असतंच. २०११ साली छापून आलेल्या चाचणीत ८९ जणी होत्या. साधारण निम्म्यांना खरी गोळी, बाकीच्यांना खोटी. गोळी चालू होती तोवर फुफ्फुसांची ताकद टिकली, वर्षाने बंद केली तशी घसरण पुन्हा सुरू झाली. म्हणजे ही बरं करणारी गोळी नव्हे, थोपवून धरणारी. ज्यांच्या हाती खोटी गोळी आली त्या बायका माझ्या अधूनमधून मनात येतात. त्यांच्यातही कुणाची चिऊ असेल. त्यांनीही वर्षभर तारखा सांभाळल्या, फुफ्फुसांची ताकद मोजायच्या यंत्रात फुंकायला जात राहिल्या, म्हणून आज माझ्या कपाटात ही बाटली आहे. इतकं कळूनही संध्याकाळी मी मोरीत उभी राहून रडलेच. स्वतःसाठीच, उगाच थोरपणा कशाला घ्या.

हा म्हणाला, सांगून टाक तिला सरळ. याला सगळं सरळच दिसतं.

पण सांगितलं. जेवण झाल्यावर तिला मांडीवर घेतलं आणि म्हटलं, आई जिन्यात फोन बघत नसते गं. आईला दम लागतो. आईच्या छातीत बारीक बारीक फुगे झालेत, ते जागा अडवतात, म्हणून हवा पुरत नाही.

तिने माझ्या छातीला कान लावला.

"कुठल्या रंगाचे?"

या प्रश्नाची तयारी नव्हती. फोटोत काळे दिसतात, म्हटलं. ते तिला मुळीच आवडलं नाही. गुलाबी तरी असायचे. मग जरा विचार करून, "माझ्यात किती आहेत?"

"तुझ्यात नाहीत. एकही नाही."

किती वर्षं हे वाक्य मनात घोळवलंय! कधी तिला सांगेन तेव्हा कशा आवाजात सांगेन, इथपर्यंत. आणि बाईसाहेबांचा ओठ बाहेर. "मला का नाहीत?" आणि भोकाडच पसरलं. एरवी लिपस्टिक, कात्री, फोन, कशावरही माझं एकच उत्तर तयार असतं, मोठी झालीस की तुला. ते सवयीने जिभेवर आलं आणि तिथेच आवरलं. दुसरं काही सुचेना. ती पाय आपटतेय, माझे फुगे मागतेय आणि मला आता हसू फुटलेलं, त्यात खोकला.

आतून ह्याची हाक, "काय झालं तिला?"

"फुगे नाहीत म्हणून रडतेय," म्हटलं कसंबसं.

"मग त्यात काय एवढं," म्हणाला. "उद्या येताना पाकीटभर आणतो."