हेमाएय बेटावरचा एक सामना, आणि गाडी राहिली पलीकडच्या बंदरात

सगळ्यात उपयोगाची गोष्ट आधी सांगून टाकतो. मला ती बोटीचं तिकीट काढतानाच सांगितली होती, मीच वाचली नाही.

आइसलँडच्या दक्षिणेला वेस्टमन्नाएयार नावाची बेटं आहेत. वस्ती एकाच बेटावर, हेमाएयवर. तिकडे जाणारी 'हेर्योल्फुर' ही फेरीबोट लांदेयाहोप्न बंदरातून सुटते आणि पाऊण तासाच्या आत पोचवते. पण २०१० साली सुरू झालेलं हे बंदर उघड्या, वाळूच्या किनाऱ्यावर आहे. लाटा चढल्या की बोट तिथे शिरू शकत नाही. मग ती पश्चिमेकडच्या थोर्लाक्सहोप्नला जाते, आणि त्या प्रवासाला पावणेतीन तास लागतात. जाताना समुद्र शांत होता, म्हणून भाड्याची गाडी मी लांदेयाहोप्नच्या पार्किंगमध्ये ठेवली. येताना वारा फिरला आणि बोटीने मला थोर्लाक्सहोप्नला उतरवलं. गाडी शंभरेक किलोमीटर पलीकडे! बोटीत ओळख झालेल्या एका जोडप्याने वाटेतल्या सेल्फॉस गावापर्यंत सोडलं, तिथून पुढची कथा न सांगितलेली बरी. तेव्हा निघायच्या दिवशी सकाळी आणि परतायच्या आदल्या संध्याकाळी बोट कुठल्या बंदरातून आहे ते बघा, आणि परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका.

आता मुळात तिकडे गेलो कशाला, ते. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठेत जन्मलेल्या पोराला फुटबॉल शिकवावा लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा या तालमींची नावं कुस्तीची, पण शाहू स्टेडियमवर त्यांचेच संघ उतरतात आणि गणपतीची मिरवणूकही त्याच काढतात. युरोपात कामासाठी गेलो होतो, ऑगस्टअखेर चार दिवस हातात होते. साडेचार हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटावरचा एक क्लब तीनदा देशाचा लीग विजेता झालाय (१९७९, १९९७ आणि १९९८) हे वाचलं आणि धबधबे रद्द केले.

क्लबचं नाव ईबीव्ही, तिकडचे लोक 'ई-बे-वफ्फ' म्हणतात. फुटबॉल आणि हँडबॉल हे त्याचे दोन मोठे खेळ. उन्हाळ्यात मैदान, हिवाळ्यात हॉल, आणि पोरं बरीचशी तीच. हँडबॉलमध्ये पुरुषांनी २०१४, २०१८ आणि २०२३ साली देश जिंकला. फुटबॉलचा कप २०१७ साली पुरुषांनी आणला आणि त्याच वर्षी बायकांच्या संघानेही. तिकडे या दोन्ही संघांचा उल्लेख एका दमात होतो, आधी पुरुष आणि मग 'त्यासुद्धा' असा नाही. देशाच्या महिला संघासाठी सर्वाधिक ७९ गोल करणारी मार्ग्रेत लाउरा विदार्सदोत्तिर याच बेटावरची. आस्गेइर सिगुर्विन्सनही इथलाच. १९७३ साली तो बेल्जियमला गेला, पुढे बायर्न म्युनिकमध्ये खेळला आणि १९८४ साली स्टुटगार्टबरोबर जर्मन लीग जिंकला.

हे १९७३ साल बेटावर कुणाशीही बोला, निघतंच. २३ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर गावाच्या पूर्वेला जमीन फाटली आणि ज्वालामुखी सुरू झाला. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या सगळ्या बोटी बंदरात होत्या, म्हणून पाच हजारांवर माणसं एका रात्रीत मुख्य भूमीवर नेता आली. लाव्हा बंदराचं तोंड बुजवायला निघाला तेव्हा त्याच्यावर समुद्राचं पाणी पंपाने मारमारून त्याला थिजवलं. जुलैत उद्रेक थांबला तोवर शेकडो घरं गेली होती, बेट मात्र दोनेक चौरस किलोमीटरने वाढलं होतं. एल्दहेमार संग्रहालयात राखेतून उकरलेलं एक घर तसंच ठेवलंय. सामना संध्याकाळी असेल तर दुपार तिथे घालवा आणि मग एल्दफेत्ल, म्हणजे त्याच उद्रेकात तयार झालेला डोंगर, चढा. वर जायला अर्धा-पाऊण तास पुरे, पण खडी पायाखाली घसरते, चपला नकोत.

मैदान हाउस्टेन्सवोत्लुर. (आइसलँडिक 'एलएल'चा उच्चार 'त्ल' असा. हे कळलं की निम्म्या पाट्या वाचता येतात.) बंदरापासून चालत वीस मिनिटं, म्हणून गाडी बोटीवर चढवायचा खर्च वायाच. एका अंगाला हाउस्टेन नावाचा कडा उभा, पाठीमागे हिरवा डोंगर, त्याच्या उतारावर मेंढ्या. तिकीट 'स्टुब्बुर' नावाच्या अ‍ॅपवर मिळतं, वेळापत्रक आइसलँडच्या फुटबॉल संघटनेच्या संकेतस्थळावर. ते सामन्याच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण पाहुणा संघही त्याच बोटीने येतो.

मी पुरुषांचा सामना पाहिला. प्रेक्षक शेकड्यांत मोजावेत इतकेच, पण सगळे एकमेकांना ओळखणारे. माझ्या पुढच्या रांगेत एक आजोबा मांडीवर घोंगडी घेऊन बसले होते आणि आपल्याच डाव्या बचावपटूला नाव घेऊन झापत होते. बाजूच्या बाईने सांगितलं, त्यांचा नातू. पूर्वार्धात यजमानांच्या पाठीशी वारा होता. गोलकीपरने मारलेला चेंडू वर गेला, हवेत थबकल्यासारखा झाला आणि थेट समोरच्या गोलकीपरच्या पुढ्यात पडला. उत्तरार्धात तोच गोलकीपर गोलकिक घेताना चेंडू जमिनीलगत ठेवत होता. वाऱ्याशी भांडायचं नाही, हे इथल्या पोरांना कळतं. पाहुण्यांना कळायला साठ मिनिटं लागली, आणि मग त्यांनी बरोबरी केली. 'आउफ्राम ई-बे-वफ्फ' म्हणजे 'चला पुढे'. घसा बसेपर्यंत ओरडलो, नाद खुळा!

मध्यंतरात खायला पिल्सा, म्हणजे हॉटडॉग. 'एइना मेद ओत्लू' म्हटलं की कांदा, रेमुलाद (मेयोनेजसारखा सॉस), मोहरी सगळं घालून देतात. त्यात मेंढीबरोबर डुकराचं आणि गाईचंही मांस असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी विचारत बसू नये, सरळ टाळावं. शाकाहारी माणसाला मैदानावर कॉफी आणि क्लेइनूर. हा क्लेइनूर प्रकार म्हणजे पीळ दिलेली मोठी, मऊ शंकरपाळीच, वेलदोड्यासकट. मी चार खाल्ल्या आणि दोन खिशात घातल्या.

एवढ्याशा गावाला क्लबचा हा खर्च परवडतो कसा, हे शेजारच्या त्या बाईला विचारलं. तिने मैदानापलीकडच्या दरीकडे बोट दाखवलं. हेर्योल्फ्सदालुर. ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारला धरून तिथे 'थ्योदहाउतीद' नावाची जत्रा भरते, दहा हजारांवर माणसं येतात, आणि ती भरवतो क्लब. त्याची मोठी कमाई तीच. सुरुवात १८७४ची. देशातल्या वसाहतीला हजार वर्षं झाली म्हणून मुख्य भूमीवर सोहळा होता, पण समुद्र खवळल्यामुळे बेटकऱ्यांना जाता आलं नाही, तेव्हा त्यांनी आपला सोहळा आपल्याच दरीत केला, असं सांगतात. (माझ्या गाडीची गोष्ट तेव्हा अजून घडायची होती.) पुढे थोर आणि तीर हे गावातले दोन कट्टर प्रतिस्पर्धी क्लब आलटून पालटून ही जत्रा भरवायचे. १९९०च्या दशकात दोघे ईबीव्हीत विलीन झाले. आमच्याकडच्या कुठल्या दोन तालमी एक होतील, अशी कल्पना करून बघितली. जमलं नाही.

जत्रेच्या दिवसांत नुसता सामना बघायला जाऊ नका, राहायला जागा मिळणार नाही. जूनमध्ये लहान मुलामुलींच्या मोठ्या फुटबॉल स्पर्धा असतात, तेव्हाही तीच गत. पण आगाऊ खोली मिळाली तर त्या जरूर बघाव्यात.

अजून एक नाव राहिलं, हेइमिर हात्लग्रिम्सन. याच गावचा दातांचा डॉक्टर. आधी ईबीव्हीच्या बायकांचा, मग पुरुषांचा प्रशिक्षक. पुढे तो देशाच्या संघाचा प्रशिक्षक असताना २०१८च्या विश्वचषकात आइसलँडने मेस्सीच्या अर्जेंटिनाला १-१ असं रोखलं. २०१३ साली इंग्लंडचा गोलकीपर डेव्हिड जेम्सही इथे खेळून गेला, कारण तेव्हा ईबीव्हीचा प्रशिक्षक होता पोर्ट्समथ क्लबमधला त्याचा जुना सोबती आणि बेटाचाच पोरगा हेर्मान ह्रेइदार्सन.

किरकोळ: व्हिसा शेंगेनचा. रोख पैसे लागलेच नाहीत, सगळीकडे कार्ड. छत्री घरी ठेवा, वारा अडवणारं जाकीट घ्या. नळाचं पाणी प्या. हँडबॉलच्या हॉललगतच गावाचा तरणतलाव आहे, गरम पाण्याचा, जरूर जा. पण आत जाण्याआधी सगळ्यांसमोर विवस्त्र होऊन साबणाने अंघोळ करणं सक्तीचं आहे. पहिल्यांदा मी दहा मिनिटं बाकावर बूट सोडण्याचं नाटक करत बसलो होतो. कुणी बघत नाही, उरकून टाका.

ऑगस्टअखेर गेलात तर रात्री झोपू नका. पफिन पक्ष्यांची पिल्लं, 'पिस्या', कड्यावरच्या बिळांतून निघतात आणि चंद्र समजून गावच्या दिव्यांकडे येतात. सामना संपल्यावर गल्ल्यांमधून पोरंच पोरं, हातात विजेरी आणि पुठ्ठ्याची खोकी. त्यातली दोघं-तिघं मघाशी मैदानाच्या कडेने चेंडू आणून देत होती. एका मुलीने खोकं उघडून दाखवलं. आत राखाडी चोचीचं एक पिल्लू, खाली क्लबचा जुना पांढरा टी-शर्ट अंथरलेला. सकाळी वजन करून नोंद, आणि मग पश्चिमेच्या कड्यावरून ते समुद्राकडे भिरकवायचं. मला वाटलं हळूच सोडत असतील. तिने दोन्ही हातांनी खालून वर जोरात उडवलं.