तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या डिझेलचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स

"गाडी जुनी आहे, डिझेल आहे, इंजिन ठणठणीत आहे, पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेलाय. दुरुस्त करून घेऊ, दुसरा टाकू, की गाडीच काढून टाकू?" थोड्याफार फरकानं हाच प्रश्न मला सारखा विचारला जातो. मी अशीच एक पाच सिलिंडरची डिझेल ऑटोमॅटिक बरीच वर्षं चालवते आहे. तिचा गिअरबॉक्स एकदा उतरवण्यापासून वाचला आणि एकदा खरोखरच उतरवून पूर्ण खोलावा लागला. त्या दोन्ही वेळचं जवळून पाहिलेलं सांगते.

पण आधी मला एक सांगा, "गेलाय" हे ठरवलं कोणी आणि कशावरून?

पहिल्या खेपेला माझी गाडी पहिल्यातून दुसऱ्या गिअरमध्ये जाताना असा दणका द्यायची की मागच्या सीटवरची पिशवी खाली यायची. एका गॅरेजमध्ये दाखवली. मेकॅनिक एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "ताई, प्लेटा संपल्यात. गिअरबॉक्स उतरवावा लागेल." प्लेटा म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्या. मी मनाची तयारीही केली होती. फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. त्याच सुमारास किल्ली फिरवल्यावर इंजिन लगेच बंद होईनासं झालं होतं. दोन-तीन सेकंद धडधडत राहायचं आणि मग शांत व्हायचं. इंजिन बंद होण्याचा आणि गिअर पडण्याचा काय संबंध? माझ्या गाडीत फार जवळचा होता.

पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते, त्यामुळे तिथे आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि इंजिनावर किती भार आहे ते त्यावरून कळतं. डिझेलमध्ये तशी झडप नसते. तिथे व्हॅक्यूमसाठी इंजिनावर वेगळा पंप बसवलेला असतो. ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो, माझ्या गाडीत इंजिन बंद करणारा डबाही त्यावरच चालतो, दारांची लॉकंसुद्धा. आणि एक बारीक नळी इंजेक्शन पंपावरच्या छोट्या व्हॉल्व्हमधून गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरकडे, म्हणजे आतला तेलाचा दाब ठरवणाऱ्या डबीकडे जाते. पाय हलका असला की मॉड्युलेटरला भरपूर व्हॅक्यूम मिळतो, आतला तेलाचा दाब कमी राहतो, गिअर मऊ पडतो. पाय दाबला की व्हॅक्यूम कमी होतो, दाब वाढतो आणि प्लेटा घट्ट आवळल्या जातात. आता ही नळी कुठे फुटली, तर गिअरबॉक्सला वाटतं की चालवणाऱ्यानं पाय तळापर्यंत दाबलाय. तो बिचारा पूर्ण ताकदीनं गिअर टाकतो आणि आपल्याला दणका बसतो.

इंजेक्शन पंपाच्या मागे, हात जेमतेम पोचेल अशा जागी, नखाएवढी रबरी वळणनळी होती. बोटांनी चिमटीत धरून वाकवली तेव्हा तिच्यात ब्लेडनं मारल्यासारखी चीर उघडली. नवीन तुकडा बसवला. परतीच्या रस्त्यावर दुसरा गिअर पडलेला मला फक्त इंजिनच्या आवाजावरून कळला.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की जुन्या डिझेल ऑटोमॅटिकचा निम्मा गिअरबॉक्स गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. व्हॅक्यूमच्या नळ्या, एक्सिलेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी केबल, इंजिन-गिअरबॉक्सचे रबरी माउंट, आणि तेल. हे सगळं तपासल्याशिवाय कोणालाही गिअरबॉक्स उतरवू देऊ नका. मॉड्युलेटरचा पडदा फाटला तर तेल व्हॅक्यूमच्या नळीतून ओढलं जातं आणि इंजिनात जातं. खाली एक थेंब दिसत नाही आणि तेल मात्र कमी होत राहतं. ही नळी मॉड्युलेटरपासून काढून पाहा. आतून तेलकट असेल तर चोर सापडला.

इथेच एक कळकळीची विनंती. दणके बसतात म्हणून मॉड्युलेटर फिरवून दाब कमी करून घेऊ नका. गिअर लोण्यासारखा पडायला लागतो, माणूस खूश होतो, आणि तेवढ्या वेळात प्लेटा घसरून जळत असतात. जरा ठाम पडणारा गिअर ही जुन्या गिअरबॉक्सची तब्येत चांगली असल्याची खूण आहे.

तेलाबद्दल बोलायला मी कधीच कंटाळत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेल वंगण तर आहेच, पण ताकद पुढे पोचवणारंही तेच, प्लेटा दाबणारंही तेच आणि उष्णता बाहेर नेणारंही तेच. डिपस्टिक असलेल्या बहुतेक गाड्यांत ते इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर तपासायचं असतं. थंड असताना मापात भरलेलं तेल गरम झाल्यावर फुगून वर जातं, फिरत्या भागांत सापडून त्याचा फेस होतो, आणि फेस दाब धरत नाही. पट्टी पांढऱ्या कापडावर पुसा. लालसर, स्वच्छ असेल तर उत्तम. काळपट आणि करपल्याचा वास असेल तर प्लेटा जळल्यात. गुलाबी, दुधाळ असेल तर गाडी तिथेच थांबवा. रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटून कूलंट तेलात शिरलेलं असतं, आणि त्यातलं ग्लायकॉल प्लेटांवरचं अस्तर सोडवून टाकतं.

"आयुष्यभराचं तेल आहे, बदलायची गरज नाही," असं अनेक गाड्यांच्या बाबतीत सांगितलं गेलं. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी मात्र स्वतःच्या ऑटोमॅटिकसाठी ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला तेल बदला असं सांगते. माझा विश्वास बनवणाऱ्यावर. आणि बदलताना चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं, उतरवून फिल्टरसह बदला. नुसतं ड्रेन केलं तर बरंचसं जुनं तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्येच, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या डब्यातच राहतं. ज्या कन्व्हर्टरला स्वतःचा ड्रेन प्लग असतो, तिथे इंजिन फिरवून तो खाली आणून उघडायचा.

नव्वदीच्या उत्तरार्धापासूनच्या इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्सचं दुखणं वेगळं, पण सांगणं तेच. मर्सिडीजचा १९९६ मध्ये आलेला पाच स्पीडचा ७२२.६ घ्या. त्याला जिथे वायरिंगचा १३ पिनांचा प्लग लागतो, तिथल्या छोट्या ओ-रिंगा कडक झाल्या की तेल वायरींच्या आतून चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोचतं. गाडी एका गिअरमध्ये अडकते, मालक हबकतो. पहिल्यांदा तो प्लग पाहायचा, मग कंट्रोल युनिटमधले बिघाडाचे कोड वाचायचे.

बाहेरचं सगळं ठीक असेल तर गाडी काय करते ते नीट लिहून काढा. सकाळी थंड असताना ड्राइव्हमध्ये टाकल्यावर वाट पाहावी लागते आणि गरम झाल्यावर सुधारते? आतली रबरी सीलं कडक झाली असण्याची शक्यता जास्त. थंडीत छान आणि गरम झाल्यावर घसरते? तेल पातळ झाल्यावर दाब कुठेतरी निसटतोय, म्हणजे झीज. रिव्हर्स आहे पण पुढे जात नाही, किंवा पुढे जाते पण रिव्हर्स नाही? प्रत्येक गिअर हा ठरावीक क्लच आणि बँड (आवळणारे पट्टे) एकत्र आवळून तयार होतो, त्यामुळे कुठला गिअर आहे आणि कुठला नाही यावरून जाणकार माणूस बिघाडाच्या जागेवर बोट ठेवतो. दोन्हीकडे जात नसेल तर तेल, फिल्टर आणि पंप.

माझ्या गाडीचं दुसरं आजारपण असंच होतं. आधी गरम झाल्यावर चढावर तिसरा गिअर घसरायला लागला. इंजिन ओरडायचं, वेग वाढायचा नाही. मग रिव्हर्स गेला. चेंबर काढून पाहिला. तळाशी ठेवलेल्या चुंबकावर राखाडी लेप असतोच, तो नेहमीचाच. इथे त्याखाली काळा गाळ होता आणि बोटाला टोचणारा चकचकीत चुरा. या वेळी गॅरेजचं निदान बरोबर होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्वतःचा गिअरबॉक्स खोलून बांधून घेणं की दुसऱ्या गाडीतला काढलेला आणून टाकणं? केस आणि गिअर शाबूत असतील तर मी स्वतःचाच बांधून घेते. दुसऱ्याच्या गिअरबॉक्सची सीलंही तुमच्याएवढीच म्हातारी असतात आणि त्यात तेल कधी बदललं होतं हे कोणालाच माहीत नसतं. आणायचाच झाला तर केसवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. पेट्रोलचा "तसाच दिसणारा" घेऊ नका. डिझेल कमी आरपीएमला भरपूर टॉर्क देतं आणि आरपीएम वाढले की त्याची ताकद लवकर संपते, म्हणून गव्हर्नर (वेगानुसार गिअर बदलायला लावणारा भाग), व्हॉल्व्ह बॉडी (तेल कुठे जायचं ते ठरवणारा ठोकळा), कन्व्हर्टर हे सगळं त्या हिशेबानं वेगळं असतं. पेट्रोलचा बसला तरी गिअर उशिरा पडतील आणि इंजिन नाहक ताणलं जाईल. आणि घेण्याआधी त्याचा चेंबर काढून चुंबक पाहू द्या म्हणा. नाही म्हणाले तर उठून या.

ओव्हरहॉल करताना माणसं जिथे हात आखडता घेतात ती जागा म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. आजही तो बंद वेल्ड केलेला डबाच असतो, आणि जळलेल्या प्लेटांचा सगळा गाळ त्याच्यात बसलेला असतो. तो लेथवर कापून, आतून साफ करून, नव्या सीलांसह पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून घ्यायचा. ऑइल कूलर आणि त्याच्या नळ्याही धुवायच्या, नाहीतर कूलर बदलायचा. हे दोन्ही तसेच ठेवले तर नव्या प्लेटांना पहिल्याच दिवशी जुना गाळ मिळतो.

बसवताना मी उभी होते. मिस्त्रींनी कन्व्हर्टरमध्ये थोडं तेल ओतलं, शाफ्टवर चढवला आणि दोन्ही तळव्यांनी हळूहळू फिरवत आत लोटायला लागले. टक्. जरा आत गेला. मला वाटलं, बसला. ते मानेनंच नाही म्हणाले आणि फिरवत राहिले. पुन्हा टक्. बराच वेळ काहीच नाही, आणि मग तिसरी, जाडसर टक्, आणि कन्व्हर्टर बोटभर आत उतरला. त्यांनी केसच्या तोंडावर पट्टी आडवी धरून खोली मोजली, तेव्हाच हात पुसले. तो शेवटचा टप्पा पंपाच्या खाचेचा. तो न बसवता बोल्टांनी ओढून गिअरबॉक्स इंजिनाला चिकटवला तर पंप तिथेच फुटतो.

मॅन्युअल गिअरबॉक्स टाकून घेण्याबद्दलही विचारता. होतं, पण फ्लायव्हील, पेडल, प्रॉपेलर शाफ्टची लांबी, कधी कंट्रोल युनिटसुद्धा बदलावं लागतं. तशीच दुसरी गाडी सुटे भाग काढायला हाताशी असेल तरच.

गाडी काढून टाकायची का? आधी खाली झोपून चॅसी पाहा. दारांखालच्या सिल-पट्ट्या आणि जॅक लावायच्या जागा गंजून पोकळ झाल्या असतील किंवा इंजिनचं कम्प्रेशन बसलं असेल, तर गिअरबॉक्सवर खर्च करा असं मी सांगणार नाही. बाकी अंग धड असेल तर जरूर करा.

आणि गाडी आत्ता रस्त्यात उभी असेल तर चाकांवर ओढत नेऊ नका. गिअरबॉक्सचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले गिअर कोरडे फिरतात. गाडी उचलून पाठीवर घेणारा ट्रक बोलवा, किंवा निदान ज्या चाकांना इंजिनची ताकद मिळते ती जमिनीवरून उचलून घ्या.