आमची वाटचाल: दवाखाना आणि घर यांच्यामधला मुक्काम

कोथरूडमधल्या एका जुन्या बंगल्यात आमच्या बारा खाटा आहेत. ऑपरेशन थिएटर नाही, व्हेंटिलेटर नाही. ज्यांचे उपचार संपलेत पण ज्यांना घरी न्यायचं धाडस होत नाही, असे पेशंट इथे येतात: पक्षाघाताचे, खुब्याचं हाड मोडलेले, गळ्याला ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी छिद्र पाडून बसवलेली, नळी असलेले.

त्याआधी बरीच वर्षं मी आयसीयूत सिस्टर होते. साखळी तिथे रोज दिसायची. वॉर्डातल्या आजोबांना डिस्चार्ज सांगितलेला, पण नाकात राइल्स ट्यूब (पोटात अन्न पोचवायची नळी), लघवीला कॅथेटर. मुलगा हात जोडायचा, "सिस्टर, अजून चार दिवस राहू द्या." ती खाट अडली की आयसीयूतला सुधारलेला पेशंट वॉर्डात येऊ शकत नाही, आणि खाली कॅज्युअल्टीत कुणीतरी ट्रॉलीवरच ताटकळतं. गर्दी झाली की सगळे खाटा वाढवा म्हणतात. बाहेर पडायची वाट तुंबलीय, हे कुणी बोलत नाही.

जागा मिळवताना नाकी नऊ आले. शेजाऱ्यांना वाटलं, आता रोज सायरन आणि मढी! नोंदणी 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेत केली, कागदपत्रांची फाईल जाडजूड झाली. पहिले काही महिने डॉक्टरही पेशंट पाठवेनात. चूक त्यांची नव्हती. इथे काही बिघडलं तर नाव त्यांचंच खराब होणार. मग आम्ही कुणाला घेणार नाही, हे आधी लिहून दिलं: ताप उतरलेला नाही, बीपी वरखाली होतंय, ऑक्सिजनची गरज वाढतेय, तर नाही. त्यानंतर फोन यायला लागले.

आमचं खरं काम मात्र पेशंटच्या घरच्यांवर चालतं. एका सूनबाईंना नाकातल्या नळीतून भरवायला शिकवलं तेव्हा सिरिंज धरलेला हात थरथरत होता. पलंगाचं डोकं उंच करायचं. नळीवरची खूण जागेवर आहे का बघायचं, सिरिंजनं थोडं ओढून पोटातलं पाणी येतंय का पाहायचं. पेज गाळलेली हवी, आणि ती दट्ट्यानं ढकलायची नाही, आपोआप उतरू द्यायची. शेवटी साधं पाणी, आणि अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. दोन-तीन दिवसांत त्याच बाई आमच्या नव्या मावशींना "अगं, घाई करू नकोस" म्हणून दटावत होत्या. पडून पडून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणंही असंच हातात बसतं. एअर बेड घेतला म्हणून ते टळत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत.

घरी जायची तारीख आम्ही दाखल करतानाच ठरवतो. पुढेमागे होते, पण ठरवतोच. नाहीतर आमच्याच खाटा तुंबतील आणि आमचा वृद्धाश्रम होईल.

पैशाचं गणित अजून सुटलेलं नाही. आमचा रोजचा खर्च मोठ्या रुग्णालयापेक्षा पुष्कळ कमी, पण आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिस्यांत नुसती विश्रांती, पुनर्वसन आणि शुश्रूषा यांना वगळलेलं असतं. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांकच आहे, पाचवा. म्हणजे तीच नळी, तोच पेशंट; रुग्णालयातल्या खोलीचं बिल विमा भरण्याची आशा तरी असते, आमचं घरच्यांच्या खिशातून. मग विमा असलेलं कुटुंब महागड्या खाटेवरच थांबायला बघतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा? एक-दोन कंपन्यांशी बोलणी चालू आहेत. त्यांना आधी आकडे हवेत, म्हणून सध्या रात्री मी रजिस्टरं संगणकावर चढवतेय.