नक्षी शाबूत, टायर म्हातारे

जुलै 2023 मधल्या एका शनिवारी दक्षिण जर्मनीत उल्महून मेमिंगेनच्या दिशेने ऑटोबान (द्रुतगती महामार्ग) क्रमांक 7 वरून जात असताना आमच्या कॅम्पर व्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, मागच्या डाव्या बाजूने थरथर जाणवू लागली. एसटी डांबरी रस्ता सोडून खडीवर उतरली की बाकाखालून जशी जाणवते, अगदी तशी. रस्त्याचाच तेवढा तुकडा खराब असेल असे समजून मी पुढे जात राहिलो, आणि तीच माझी चूक झाली. मिनिटभरात थरथरीची धडधड झाली, पाठोपाठ मोठा आवाज झाला आणि आरशात काळ्या रबराची लांबच लांब पट्टी मागे लोळत जाताना दिसली. गाडी कडेच्या मार्गिकेत घेतली, पिवळी जाकिटे चढवली, पत्नी आणि मुलगा लोखंडी कठड्यापलीकडे जाऊन उभे राहिले आणि मी चाक पाहायला वाकलो. टायर फुटला नव्हता. त्याचा नक्षीचा पट्टा, आतल्या पोलादी तारांसकट, संत्र्याची साल निघावी तसा सुटून आला होता आणि जाता जाता त्याने चाकावरचे प्लास्टिकचे आवरण आणि सांडपाण्याच्या टाकीचा पाइप तोडून नेला होता.

मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले ते यामुळे की, तीनच महिन्यांपूर्वी मी स्वतः त्या टायरच्या नक्षीची खोली मोजली होती आणि ती सहा मिलिमीटरच्या आसपास होती. जर्मनीत कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोली लागते. जाणकार उन्हाळी टायरसाठी तीन आणि हिवाळी टायरसाठी चार मिलिमीटरचा आग्रह धरतात. इथे त्याची एक घरगुती युक्तीही आहे: एक युरोच्या नाण्याची बाहेरची सोनेरी कड तीन मिलिमीटर रुंद असते, ती नक्षीच्या खाचेत पूर्ण बुडाली तर टायर अजून चालण्याजोगा आहे असे समजायचे. आमच्या टायरमध्ये ती कड बुडून वर नाण्याचा थोडा भागही आत जात असे. त्याच एप्रिलमध्ये गाडीची दर दोन वर्षांनी होणारी सक्तीची तपासणीही विनातक्रार पार पडली होती. त्यामुळे टायरचा विषय माझ्या लेखी संपलेला होता.

आमच्याकडे स्टेपनी होती, याचा त्या क्षणी केवढा आनंद झाला! (जाता जाता सांगतो, हा शब्द इथे कोणालाही कळत नाही. वेल्समधील लॅनेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जादा चाके विकणारा एक कारखाना होता, त्या रस्त्याचे नाव आपल्याकडच्या गॅरेजांनी आजतागायत जपले आहे.) गाडीच्या पोटाखालून साखळीने खाली सोडलेले ते चाक अगदी कोरे होते. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात, तेसुद्धा जागच्या जागी होते. मदतीला आलेल्या पिवळ्या गाडीतल्या मेकॅनिकने मात्र ते चाक बसवण्याआधी गुडघ्यावर बसून टायरच्या बाजूवर बॅटरीचा प्रकाश टाकला, बोटाने धूळ पुसली आणि मला जवळ बोलावले. लांबट चौकटीत चार आकडे कोरलेले होते: 2203. म्हणजे 2003 सालचा बाविसावा आठवडा. गाडी जन्मली त्याच वर्षीचे ते मूळ चाक होते आणि वीस वर्षांत एकदाही रस्त्याला लागले नव्हते. "हे टायर माझ्या मुलीपेक्षा वयाने मोठे आहे," तो म्हणाला. "पुढच्या फाट्यापर्यंत ताशी साठच्या आत जा, त्यापुढे नको." मग आम्ही उरलेली तीन चाके तपासली. तिन्हींवर 2412 असा आकडा होता. गाडी मी 2021 मध्ये विकत घेतली, तेव्हाच हे टायर नऊ वर्षांचे होते, आणि आधीच्या मालकाने "टायर उत्तम स्थितीत" असे जे सांगितले होते, ते नक्षीपुरते खरेही होते.

2000 सालापासून बनलेल्या प्रत्येक टायरवर हे चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. त्याआधी तीनच आकडे असत. त्यामुळे कोणाला जुन्या गाडीवर तीन आकडी टायर आढळलेच, तर तो गेल्या शतकातला आहे हे गणित न करताही कळावे. अनेक टायरवर हा शिक्का एकाच बाजूला असतो आणि नेमकी तीच बाजू गाडीच्या आत वळलेली निघते. तेव्हा पाठीवर झोपून गाडीखाली शिरण्यावाचून इलाज नसतो.

कॅम्परच्या बाबतीत हे सगळे इतके फसवे का ठरते, याचा मी नंतर बराच विचार केला. रोज माल पोचवणाऱ्या व्हॅनचे टायर म्हातारे होण्याआधीच घासून संपतात. आमची गाडी मात्र वर्षाकाठी जेमतेम पाच हजार किलोमीटर चालते. शिवाय तिला हंगामी क्रमांकपट्टी आहे. पट्टीच्या उजव्या कडेला चार आणि दहा असे आकडे एकाखाली एक छापलेले असतात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच काळाचा कर आणि विमा आम्ही भरतो आणि उरलेले पाच महिने ती सार्वजनिक रस्त्यावर चालवताही येत नाही आणि उभीही करता येत नाही. एका शेतकऱ्याच्या आवारात ती पाचही महिने एकाच जागी, एकाच अंगावर उभी असते. माणसाला विश्रांती मानवते, रबराला मानवत नाही. टायरच्या रबरात हवेतल्या ओझोनपासून संरक्षण करणारी रसायने आणि मेण मिसळलेले असते. चाक फिरते, टायर दबतो आणि सुटतो, तसतसे ते द्रव्य आतून पृष्ठभागावर येत राहते आणि त्याचा पातळ थर टायरला झाकून ठेवतो. चाक थांबले की हा पुरवठा मंदावतो, ऊन आणि ओझोन आपले काम चालूच ठेवतात, रबर ताठर होते आणि बाजूंवर केसासारख्या चिरा उमटतात. त्यापेक्षा वाईट गोष्ट आत घडते. दाबाखाली असलेल्या हवेतला प्राणवायू आतून रबरात झिरपत राहतो आणि पोलादी पट्ट्यांच्या कडांपाशी रबराची पकड हळूहळू सैल होते. ते बाहेरून दिसत नाही.

आमच्या गाडीच्या डाव्या बाजूची दोन्ही चाके हिवाळाभर दक्षिणेकडे तोंड करून उभी असत. मेकॅनिकने अंगठ्याने दाबून दाखवले तेव्हा पुढच्या डाव्या टायरच्या बाजूवर नखभर लांबीच्या चिरा उघडल्या आणि अंगठा काढताच पुन्हा मिटल्या. उजव्या बाजूच्या टायरवर तशा चिरा शोधाव्या लागल्या. एकाच दिवशी बसवलेल्या, सारखेच अंतर कापलेल्या टायरांमधला तो फरक केवळ उन्हाचा होता, असे मला आजही वाटते.

सगळा दोष वयावर ढकलून मी मात्र मोकळा होऊ शकत नाही. मागच्या उजव्या टायरमध्ये त्या दिवशी मोजल्यावर 3.7 बार हवा निघाली, आणि असायला हवी होती 5.5 बार, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे 80 पीएसआय. आपल्याकडे साध्या मोटारीत तीस-बत्तीस पीएसआय भरण्याची सवय लागलेली असल्यामुळे हा आकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. पण कॅम्परसाठी बनवलेल्या टायरच्या मापात सी आणि पी अशी दोन अक्षरे असतात, आमच्या टायरचे माप 215/70 आर 15 सीपी असे आहे, आणि असे टायर जड, सतत भरलेल्या आणि बराच काळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठीच असल्याने मागच्या ॲक्सलवर 5.5 बारची शिफारस केलेली असते. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, वाकण्याने उष्णता वाढते आणि वयाने सैल झालेल्या पट्ट्यांना ती उष्णता शेवटचा धक्का देते. हिवाळाभर उभ्या असलेल्या गाडीची हवा मी एप्रिलमध्ये तपासायला हवी होती. नक्षी मोजली, नाणे घालून पाहिले, पण हवा तपासली नाही.

त्यात वजनाची भर पडली होती. परत आल्यावर गावातल्या शेतमालाच्या गोदामाच्या काट्यावर मी गाडी प्रवासाला निघावी तशी भरून नेली आणि आधी डावी, मग उजवी अशी चारही चाके एकेक करून तोलून घेतली. मागच्या डाव्या चाकावर 985 किलो भार निघाला. टायरवरचा 109 हा भारनिर्देशांक एका टायरला कमाल 1030 किलो एवढी मुभा देतो. म्हणजे नियमात बसत होतो, पण अगदी काठावर, आणि तेही टायर नवा व हवा पूर्ण असेल तर. शंभर लिटर पाण्याची टाकी त्याच बाजूला होती. दोन सायकली मागच्या कॅरियरवर, म्हणजे ॲक्सलच्याही बऱ्याच मागे टांगलेल्या असल्यामुळे तरफेच्या न्यायाने स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार मागच्या चाकांवर टाकत होत्या. शिवाय पत्नीच्या म्हणण्यानुसार "लागेल म्हणून" घेतलेले दहा किलो तांदूळ आणि दोन कुकरही होते. ते माझेच होते, हे इथे नमूद करतो.

कायद्याचे म्हणाल तर जर्मनीत मोटारीच्या किंवा कॅम्परच्या टायरला वयाची मर्यादाच नाही, म्हणूनच आमची गाडी तपासणीत पास झाली होती. गंमत अशी की, मोटारीमागे ओढल्या जाणाऱ्या कॅरव्हॅनला ऑटोबानवर ताशी 80 ऐवजी 100 किलोमीटर वेगाची विशेष परवानगी हवी असेल, तर तिचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने चालत नाहीत. त्याच वेगाने शेजारून जाणाऱ्या कॅम्परला मात्र असा कोणताही प्रश्न विचारला जात नाही. ब्रिटनमध्ये 1 फेब्रुवारी 2021 पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या ॲक्सलवर दहा वर्षांपेक्षा जुने टायर लावण्यास बंदी आहे. त्यामागे 2012 सालचा एक अपघात आहे, ज्यात संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या बसचा पुढचा टायर फुटून तिघांचा जीव गेला होता, आणि तो टायर एकोणीस वर्षांहून अधिक जुना निघाला होता. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर आपल्याकडेही टायर फुटण्याची चर्चा झाली. पण ती बहुधा घासलेल्या टायरांची आणि वेगाची होती. दिवाळीपुरती बाहेर निघणारी, एरवी सोसायटीच्या आवारात आच्छादन घालून ठेवलेली गाडी त्या चर्चेत आली नाही, आणि माझ्या मते आमच्या कॅम्परची खरी भावंडे त्या गाड्याच आहेत. पुण्यात माझ्या काकांची गाडी नऊ वर्षांत अठरा हजार किलोमीटर चालली आहे आणि ते अभिमानाने सांगतात की, टायर कंपनीतून आलेलेच आहेत. मागच्या भेटीत मी त्या टायरवरचे आकडे त्यांना वाचून दाखवले.

मग जुन्या कॅम्परचा टायर टिकतो तरी किती? टायर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि फार तर दहाव्या वर्षी बदल, असे सांगतात. आमची गाडी जड आहे, पाच महिने उभी असते आणि उन्हाळ्यातल्या सर्वांत उष्ण आठवड्यांतच लांब धावते, म्हणून मी स्वतःपुरती मर्यादा सात वर्षे ठरवली आहे. काही जर्मन शेजाऱ्यांना ती उधळपट्टी वाटते. एकाने तर चौदा वर्षांच्या टायरवर पोर्तुगालला जाऊन आल्याचे सांगितले. ते खरेही असेल, पण तो सांगायला परत आला म्हणूनच ती गोष्ट माझ्यापर्यंत पोचली.

नवे चार टायर, सर्व ऋतूंना चालणारे आणि बर्फाच्या कणासह तीन शिखरांचे चिन्ह असलेले, असे आम्ही त्याच महिन्यात बसवून घेतले. हे चिन्ह नसलेले, नुसत्या एम आणि एस (चिखल आणि बर्फ) अक्षरांचे टायर 1 ऑक्टोबर 2024 पासून इथे बर्फाळ रस्त्यावर चालतच नाहीत, त्यामुळे जुने टायर तसेही वर्षभराचेच सोबती होते. टायरवाल्याने रबरी व्हॉल्व्ह काढून धातूचे बसवले, कारण साधे रबरी व्हॉल्व्ह 4.5 बारपर्यंतच्याच दाबासाठी असतात. माझ्या गाडीला इतकी वर्षे पुरेशी हवा का भरली जात नव्हती, याचे अर्धे उत्तर मला तिथेच मिळाले. आता हिवाळ्यात गाडी उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत उभी असते, उन्हाच्या बाजूच्या चाकांवर पांढरी आवरणे असतात आणि महिन्यातून एकदा जाऊन मी ती आवारातल्या आवारात हातभर पुढे किंवा मागे सरकवतो. टायर चकचकीत करणारे फवारे मात्र मी वापरत नाही, कारण त्यांतल्या काहींमधील तेलकट द्रव्ये रबराचे भलेच करतील याची खात्री नसते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला मी खडूने 1123 असा आकडा लिहून ठेवला आहे, आणि त्याखाली मुलाने स्वतःच्या हस्ताक्षरात 2030 लिहिले आहे.

स्टेपनीसह पाच जुने टायर दुकानातच ठेवून आलो. बिलात त्यांची विल्हेवाट लावण्याचे प्रत्येकी चार युरो वेगळे लावलेले पाहून पत्नी बराच वेळ काही बोलली नाही. पार्किंगमध्ये आल्यावर तिने फक्त एवढेच विचारले की, सांगलीच्या भंगारवाल्याने या पाचांचे आपल्याला उलट किती दिले असते.