होसोनो शिकताना : सहावा आठवडा

मागच्या नोंदीत मी मोठ्या फुशारकीने लिहिलं होतं, की पुढच्या वेळी 'काझे ओ आत्सुमेते' या जपानी गाण्यातला बास गिटारचा भाग पक्का झालेला असेल. झाला. रेकॉर्ड करून ऐकला आणि लगेच पुसून टाकला.

सूर चुकले नव्हते. पण जरा मोकळी जागा दिसली की मी तिथे एक फिल, म्हणजे जागा भरणारी छोटी सुरावट, कोंबत होतो, लग्नातल्या पंगतीत आग्रहाची जिलबी वाढावी तशी. मूळ गाण्यात बास वाजवणारा हारुओमी होसोनो असलं काही करत नाही. हॅपी एंड या जपानी रॉक बँडच्या १९७१च्या 'काझेमाची रोमान' अल्बममधलं हे गाणं, पण यात अख्खा बँड नाहीच. ड्रम ताकाशी मात्सुमोतोचे. गाणं, अकूस्टिक गिटार, बास सगळं होसोनोचं. स्वतःच गाणारा माणूस स्वतःच्या आवाजावर बास चढू देत नाही, हे मला दहाव्यांदा ऐकल्यावर कळलं.

मग चार दिवस बास कोपऱ्यात ठेवला आणि फक्त अमेरिकन गायक जेम्स टेलर ऐकला. होसोनोचा आवाज खर्जातला. रॉक म्हणजे वरच्या पट्टीत ओरडायचं, अशा दिवसांत या आवाजाचं करायचं काय, हा त्याचा जुना पेच होता. टेलरचं शांत, बोलल्यासारखं गाणं ऐकून तो सुटला. त्यानंतर मूळ गाणं पुन्हा लावलं, तर ओळ संपल्यावरची शांतता आधी ऐकू आली.

हॅपी एंडचं दैवत मात्र बफेलो स्प्रिंगफील्ड हा अमेरिकन बँड, जोडीला तिथलाच मोबी ग्रेप. तेव्हा जपानी रॉकवाल्यांत जुंपली होती : गायचं इंग्रजीत की जपानीत? रॉक गायक युया उचिदा इंग्रजीच्या बाजूने. हॅपी एंडने बाज अमेरिकेतून उचलला आणि शब्द १९६४च्या ऑलिंपिकपायी पुसल्या गेलेल्या जुन्या टोकियोचे ठेवले. तिसऱ्या अल्बमसाठी तर ते १९७२मध्ये थेट लॉस एंजेलिसला गेले. तिथे संगीतकार व्हॅन डाइक पार्क्स आणि लिटल फीट या बँडचा लोवेल जॉर्ज भेटले, पण त्यावर पुन्हा कधीतरी.

मला जास्त भुरळ पडली आहे ती 'होसोनो हाउस' या होसोनोच्या १९७३च्या स्वतंत्र अल्बमची. सायतामातलं सायामा, अमेरिकन लष्करी कुटुंबांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक घर, आणि त्यातच रेकॉर्डिंग. प्रेरणा 'द बँड' याच नावाच्या बँडच्या 'बिग पिंक' या घराची. गंमत अशी, की द बँडने त्या गुलाबी घरात गाणी नुसती बसवली, ध्वनिमुद्रण स्टुडिओत केलं. होसोनोने खरोखरच घरात केलं!

म्हणून मीही बेडरूममध्ये मांडामांड केली. ब्रिजपाशी, म्हणजे बासच्या खालच्या टोकाला तारा टेकतात तिथे, तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा सारला, मेट्रोनोम मुद्दाम हळू ठेवला, सगळे फिल काढले. तिसरा टेक चांगला जमत होता, तेवढ्यात शेजारच्या कुकरची शिट्टी झाली. तो टेक ठेवलाय, कारण शिट्टी नेमकी मोकळ्या जागेत पडली आहे.

अडचण एकच. स्पंजमुळे सुरांची शेपटी कापली जाते हे छान, पण सगळ्यात जाड तार बद्द वाजते. फ्लॅटवाउंड (सपाट वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारा कुणी वापरून पाहिल्या असतील तर सांगा, नवीन सेट घ्यायचा विचार आहे. पुढचं गाणं 'कोइ वा मोमोइरो'.