हिशेब बरोबर आला, तेव्हा

बचत गटांच्या बायकांना उद्योजकता शिकवायची म्हणजे पहिले दोन तास स्वागतात जातात. गुलाबपुष्प, बॅनर, फोटो. मग एक साहेब योजना सांगतात: प्रक्रिया उद्योगाला ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख. उरलेल्यात एकूण खर्चाच्या किमान दहा टक्के स्वतःचे घालायचे आणि बाकीचं बँकेचं कर्ज, हे वाक्य मात्र त्यांच्या तोंडून जरा हळूच निघतं. साहेब जेवायला गेले की माझा तास सुरू होतो.

माझा तास किंमत काढण्याचा. त्यातल्या दोन ओळींचा मला फार अभिमान: 'घरचा कच्चा माल' आणि 'घरची मजुरी'. बायका या दोन्हींपुढे बिनधास्त शून्य लिहितात.

कुडाळजवळच्या एका गावात आमसुलं करणाऱ्या वहिनींनीही शून्यच लिहिलं होतं. "रातांबे आमच्याच झाडाचे, त्येंका कसले पैसे?" मी त्यांनाच फळ्याजवळ बोलावलं. ४० किलो आमसुलं, व्यापाऱ्याला ३०० रुपयांनी, म्हणजे १२,००० रुपये. मीठ-पिशव्यांचे ९०० वजा केल्यावर ११,१०० नफा, असं त्यांचं म्हणणं. दहा किलो रातांब्यांचं त्यांच्याकडे जेमतेम किलोभर आमसूल होतं. म्हणजे रातांबे लागले ४०० किलो. ते न फोडता तसेच विकले असते तर? त्या वर्षी गावात २५ चा भाव होता. दहा हजार.

उरले ११००. काम किती दिवस? महिनाभर, त्या आणि सासूबाई. फळ फोडायचं, बिया मुठेलासाठी, म्हणजे कोकमाच्या तेलासाठी, बाजूला काढायच्या, रसात मीठ घालून त्यात सालं बुडवायची, उन्हात पसरायची, संध्याकाळी पुन्हा रसात, सकाळी पुन्हा उन्हात. अशी पाच-सहा पुटं दिल्याशिवाय त्यांच्या आमसुलाला तो काळपट लाल रंग येत नाही. महिनाभर बोटांची आग होते ती वेगळीच.

माणशी रोजचे अठरा रुपये.

"अठरा रुपयांत धड च्या-वडो गावना नाय," त्या म्हणाल्या. सगळा वर्ग हसला, त्याही हसल्या. मागून कुणीतरी तौक्तेची आठवण काढली. १६ मे २०२१ ला वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा यांची सालं तिसऱ्या पुटावर होती. पुढे ऊनच नाही, अर्धा माल बुरशीने गेला. तेही धरलं तर अठराही उरत नव्हते.

मी उपाय सांगितले. थेट मुंबईचं गिऱ्हाईक धरा, भाव वाढवा, पाकिटावर अन्न सुरक्षेचा (FSSAI) चौदा आकडी परवाना क्रमांक छापा, गटाने मिळून ड्रायर घ्या. त्यांनी सगळं वहीत उतरवून घेतलं. तास झकास झाला असं मला वाटलं होतं.

पुढच्या मे महिन्यात पाठपुराव्याला गेले. खळं मोकळं होतं. वहिनी सकाळी सातलाच रातांब्यांचे क्रेट गाडीत चढवून काजू फॅक्टरीत कामाला गेल्या होत्या. दुपारी सुट्टीत घरी आल्या. मला सोलकढी दिली, आणि आमसूल दुकानातलं असल्याचं स्वतःहून सांगितलं. "तुमच्या हिशोबान चल्लय मॅडम. आता हातात पगार येता." चेहऱ्यावर खंत नव्हती. उलट त्या खुशीत होत्या. ड्रायरचं विचारलं तर म्हणाल्या, कर्जाच्या कागदावर सही करायला गटातली एकही तयार झाली नाही.

पडवीत सासूबाई एका सुपात मूठ-दोन मूठ सालं पसरत बसल्या होत्या. घरापुरती. मी वाकून बघायला गेले तर सूप जरा पलीकडे सरकवलं. "ह्येचो हिशोब घालू नको हां, बाय."

फॉर्मवर रकाना असतो: व्यवसाय वाढला, आहे तसाच, बंद. बंद असेल तर कारण: भांडवल, बाजारपेठ, आजारपण, इतर. या बाईचं उत्पन्न वाढलं आणि व्यवसाय बंद पडला, दोन्ही माझ्याच तासामुळे. त्याला कुठे खूण करायची? वरचे लोक फक्त 'वाढला' मोजतात, तेव्हा 'बंद' लिहिलं तर प्रशिक्षण फसलं असा अर्थ निघणार. फसलं का? व्यापाऱ्याचा ३०० चा भाव पाडूनच होता, आणि तो कुणी बदलला नाही. मीही नाही. मी फक्त वजाबाकी शिकवली.

तो फॉर्म अजून माझ्या बॅगेत आहे. कार्यालयातून दोनदा फोन येऊन गेला.